पहिलीच्या वर्गाची खिडकी

आमच्या सेक्टरातली पहिली शाळा भरली ती दोन रिकाम्या क्वार्टरांत, आणि पहिलीचा वर्ग भरला तो त्यातल्या एका क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. दुर्गजवळचा कारखाना अजून उभा होत होता. माणसं मात्र आधीच येऊन पडली होती आणि माणसांमागून पोरं आली होती. इमारत होईपर्यंत पोरांना कुठंतरी बसवायचं म्हणून ती सोय.

शाळा हिंदी, म्हणून बाईंना सगळे बहनजी म्हणत. त्या जबलपूरकडच्या, अंगानं भरलेल्या. खुर्ची अजून यायची होती, तर ओट्यावर बसून शिकवायच्या. फळा चाळणीच्या खिळ्याला टांगलेला, पाट्या डब्यांच्या फळीवर. मस्ती करणाऱ्याला मोरीत उभं करायच्या. एका मुलानं तिथं नळ सोडून अंघोळच आटोपून घेतली, तेव्हापासून ती शिक्षा बंद झाली.

आमची पोरगी सहा वर्षांची होती. माझ्यासारखीच, लोकांपुढे तोंड न उघडणारी. पण त्या वर्गात ती पहिल्या दिवसापासून सुखानं बसली, कारण सगळे क्वार्टर एकाच साच्यातले. तिथला ओटा आमच्या ओट्यासारखा, मोरी आमच्या मोरीसारखी. ओट्यावरची खिडकीही तशीच, फक्त आमची मागच्या गल्लीत उघडायची आणि ती मोठ्या रस्त्यावर. एकदा बहनजींनी तिला पाणी मागितलं, तर तिनं फळीवर हात घातला आणि सरळ आवाज दिला, "माय, गिलास कुठी ठेवला वो?" सगळा वर्ग हसला. बहनजी घरी येऊन सांगून गेल्या. मी आतूनच हसले.

आतूनच, कारण मी कुणापुढे येत नसे. दूधवाल्याशीसुद्धा दाराआडून बोलायची. भांडं बाहेर सरकवायची, भरलं की आत ओढायची. त्या माणसाला कितीतरी दिवस वाटत होतं की या घरात एक म्हातारी राहते. हे लिहिते आहे तेही कुणाला दाखवायला नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं पोट असंच हलकं होतं. लिहिण्यापुरती शाळा मला मिळाली होती. चौथीपर्यंत. गावात पाचवी नव्हती, म्हणून माझीही झाली नाही.

मग नवी शाळा झाली. त्याच मोठ्या रस्त्याच्या टोकाशी, पिवळी, लांबच लांब, पायऱ्या चढून वर जायची. आम्ही सगळ्या बाया बघायला गेलो. माझ्या शेजारणीनं देवळासारखा पायरीला हात लावून कपाळाला लावला. "एवढी मोठी शाळा," ती म्हणाली, "आपल्या पोट्ट्यांले शोधा लागन."

तिचं खरं झालं. पिशव्यांच्या खुंट्या इतक्या वर की शिपाई सकाळी सगळ्यांच्या पिशव्या टांगायचा आणि सुट्टी झाली की उतरवून द्यायचा. त्याचं मुख्य काम तेच झालं. पाण्याच्या नळाशी एक पोट्टा वाकायचा, दुसरा त्याच्या पाठीवर चढून प्यायचा, आणि भिजायचा खालचा. कुणी म्हणे, हा नकाशा मुळात ऑफिसचा होता. खरं-खोटं मला ठाऊक नाही. खिडक्या चांगल्या मोठ्या होत्या, पण त्यांची चौकट सुरू व्हायची बहनजींच्या छातीशी. बाहेरून तर मी टाचा वर केल्या तरी माझं डोकं तिथं पोचत नव्हतं.

छतही उंच. बहनजी खालून "अ" म्हणाल्या की वरूनही "अ" यायचा. पोरांनी ठरवून टाकलं की वर आणखी एक बहनजी राहतात. एक मुलगा हजेरीला दोनदा "हाजिर" म्हणायचा, एकदा खालच्या बहनजींना आणि एकदा वरच्या बहनजींना.

नव्या शाळेचे लाडू वाटले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी शिपाई आमच्या दारात उभा.

"आपकी बच्ची घर आई है क्या?"

मी दाराआडून मान हलवली. ती त्याला दिसली नाही, म्हणून त्यानं परत विचारलं. मग मात्र मी पदर डोक्यावर ओढून धावतच निघाले.

पोरगी सापडली जुन्या शाळेत. म्हणजे त्या क्वार्टरात, ओट्यावर, पाटी घेऊन. तो क्वार्टर शाळा हलताच आंध्राकडच्या एका कुटुंबाला मिळाला होता. घरची बाई खाली बसून भाजी चिरत होती. तिला वाटलं होतं, क्वार्टरबरोबर जसा नळ मिळतो, दिवा मिळतो, तशी ही पोरगीही मिळत असेल. तिचं हिंदी माझ्याहून कच्चं होतं, म्हणून मला तिच्याशी बोलायची लाज वाटली नाही.

"अक्का, ये तुम्हारा?"

"हमारा."

"कल भी आएगा," ती म्हणाली, हात बघून सांगावं तसं.

आणि आली. रोज मधली सुट्टी संपली, दुपारचा भोंगा वाजला, की पोरगी शाळेतून नाहीशी. आम्ही दोघी बाया एकमेकींना अक्का म्हणू लागलो.

पोरीचे बाबा फिटरच्या हाताखाली कामाला होते, पहिल्या पाळीला. सकाळी अंधारात जायचे, दुपारी यायचे, जेवून झोपायचे. ही बातमी त्यांना आठवड्यानं कळली, तीही चहाच्या टपरीवर.

"काय ऐकून राहिलो मी? पोट्टी शाळेतून पळते?"

"पळत नाही जी. जुन्या शाळेत जाते."

"तठी आता तेलगू लोकांचा सैपाक होते. सांबार शिकून राहिली का?" मग पोरीकडे वळून, "कावून पळते वो तू? कोनी मारते का?"

पोरगी पाटी पुसायला लागली.

"मायवरच गेली. दोघींच्याही तोंडाले कुलूप, आन चाबी कोनाजवळच नाही." त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "दसऱ्यालोक वाट पाहीन. बसली तर बसली. नाही तर गोंदियाची गाडी धरतो आन बहिणीच्या घरी सोडून येतो. तठी मास्तर दारातच खाट टाकून बसते. पाहू मंग कोन पळते."

माझी नणंद वाईट नव्हती. पोरीला तिनं तुपाशी जेवू घातलं असतं. पण तिच्या गावची शाळाही चौथीपर्यंतच होती, आणि खाटेवरच्या मास्तराजवळ पाचवी काही नव्हती. मला जे झालं ते पोरीला होणार, एवढं मला लख्ख दिसत होतं. म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही.

पुढच्या सुट्टीला ते दुर्गच्या बाजारातून लहानशी पत्र्याची पेटी घेऊन आले. झाकणावर गुलाब काढलेले. पोरगी हरखून गेली. तिला वाटलं पाटी ठेवायला आणली. मी ती पेटी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मी आपल्या परीनं डोकं चालवलं. मला वाटलं, पोरीला स्वयंपाकघराची सवय झाली आहे, फोडणीच्या वासाशिवाय तिला अक्षर सुचत नाही. म्हणून फोडणीचे मुरमुरे पुडीत बांधून द्यायला लागले. तिनं ते वर्गात वाटून टाकले. इतर पोरांना नवी शाळा आवडायला लागली. आमची दुपारी पळालीच.

मग अक्काला म्हटलं, दार लावून घे. तिनं लावलं. पोरगी बाहेर गल्लीकडच्या पायरीवर बसून राहिली आणि दाराच्या फटीला डोळा लावला. अक्कानं दार उघडलं. "बच्चा धूप में बैठता. मेरे को पाप लगता," ती माझ्यावरच रागावली, आणि पोरीला चिंचेचा भात वाढला. त्या भाताची कीर्ती पसरली. पुढच्या आठवड्यात आणखी तीन-चार पोरं पळून येऊ लागली.

एके दिवशी बहनजी स्वतः सगळ्यांना न्यायला आल्या. चांगल्या तावातावानं आल्या होत्या. पण आत आल्या आणि सवयीनं ओट्यावर बसल्या. अक्कानं कॉफी दिली. बहनजींनी एक घोट घेतला, समोर पोरं पाट्या घेऊन बसलेली पाहिली, आणि "चलो, गिनती लिखो" म्हणाल्या. सुट्टीची घंटा होईपर्यंत वर्ग तिथंच चालला. शाळेत त्या दिवशी वरच्या बहनजी एकट्याच उरल्या.

खरी गोष्ट मला कळली ती चिंच निवडताना. अक्काकडे टोपलीभर चिंच आली होती, मी हाताशी गेले होते. भोंगा झाला. थोड्या वेळानं पोरगी धापा टाकत आली. भाताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, थेट ओट्यावर चढली आणि खिडकीचे गज धरून उभी राहिली.

रस्त्यावर पाळी सुटली होती. सायकलीच सायकली, खाकी कपडे, टोप्या, घंट्या.

"काय पाहून राहिली वो?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. मग एकदम तिचे खांदे खाली आले.

"आला," ती म्हणाली आणि ओट्यावरून उतरली.

"कोन आला?"

"बाबा."

"मंग?"

"मंग काय? जातो शाळेत." आणि पाटी उचलून निघाली. इतर दिवशी तिचा जो वेळ जायचा तो भातानं आणि कॉफीनं.

मी चिंचेत हात तसाच ठेवून बसले. पावसाळ्यात आमच्या पुढच्या लाइनीतला एक माणूस दुपारी घरी आला नव्हता. शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता आणि त्याला परस्पर दवाखान्यात नेलं होतं. तो बरा झाला. पुढं होळीला सगळ्यांत जास्त तोच नाचला. पण त्या दुपारी काहीच माहीत नसताना त्याच्या बायकोनं दारात जो हंबरडा फोडला, तो लाइनीतल्या सगळ्या पोरांनी ऐकला होता. आम्ही मोठी माणसं विसरून गेलो. आमची पोरगी रोज दुपारी खात्री करून घेत होती.

हे घरी आले, मोरीत पाय धुवायला बसले, तेव्हा मी सांगितलं. "अजी, पोट्टी तुमच्यासाठी पळते."

"माह्यासाठी?"

"तुम्ही आले का नाही ते पाहाले. त्या खिडकीतून रस्ता दिसते."

ते बराच वेळ एकाच पायावर पाणी ओतत राहिले. दुसरा कोरडाच राहिला. "लय येडी आहे पोट्टी," एवढं म्हणाले आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. एरवी ती सायकल पोळ्याशिवाय पुसली जात नसे. मग तिथूनच ओरडले, "शाळेतून पाह्य म्हणा! त्याच रस्त्यानं येतो मी."

"दिसत नाही जी तठून. खिडकी वर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेजवळून येताना जोरात घंटी वाजवली. पण घंटी काय एकट्या त्यांचीच होती? मागच्यानं वाजवली, त्याच्या मागच्यानं वाजवली, आणि पहिलीचा सगळा वर्ग "मेरे बाबूजी, मेरे बाबूजी" करत दाराकडे धावला. बहनजींनी निरोप पाठवला की कृपा करून असं करू नका.

तेव्हा ह्यांनी बांबू आणला. सायकलच्या मागं तो उभा बांधला आणि टोकाला माझ्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा. मी म्हटलं, लोक हसतील. "हसू दे. पाळीत हसाले कोनाले फुरसत आहे?" त्या दुपारी खिडकीच्या खालच्या कडेनं एक लाल चिंधी तरंगत गेली. पोरगी "आला" म्हणाली आणि मन लावून लिहायला लागली. पळाली नाही. त्या संध्याकाळी मी पेटीवर धुतलेले कपडे ठेवले, जणू ती घरातलीच एक वस्तू आहे.

पण चांगली गोष्ट एकट्याजवळ राहत नाही. बाकीच्या पोरांनीही घरी हट्ट धरला. दोन-तीन दिवसांत रस्त्यावर हिरवं फडकं आलं, पिवळं आलं, एकानं तर घाईत बायकोचा परकरच लावला. सायकली नेहमी घोळक्यानं निघायच्या, त्यावर आता झेंडे. गेटावरच्या पहारेकऱ्यानं शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं.

"कौन सी यूनियन है?"

पुढं हेच होते. म्हणाले, "पहली कक्षा की."

तो माणूस हसला नाही. बांबू उतरवून घेतले, आणि सायकलीला काही बांधायचं नाही असा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा पळाली. दसरा तोंडावर आला होता. ह्यांनी पेटीवरचे कपडे उचलून खाटेवर ठेवले आणि काही बोलले नाहीत. ते मला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

झेंड्यांची, आणि त्यांच्यामागच्या खिडकीची, गोष्ट मात्र वरपर्यंत गेली होती. एका दुपारी मी पोरीला अक्काकडून ओढत शाळेत आणलं, तर पायऱ्यांशी जीप उभी. ज्यांनी ह्या शाळेचा नकाशा काढला ते साहेब आत आले होते. पोरीला मी दारातून आत ढकललं. परत जायचं तर जीपच्या ड्रायव्हरसमोरून जावं लागणार. मी तशीच भिंतीला चिकटून वर्गाच्या खिडकीखाली उभी राहिले.

आत साहेबांचा आवाज. तरुण होता, आणि छतामुळे दोनदा ऐकू येत होता. "खिड़की में ख़राबी क्या है? मुझे तो सब दिख रहा है. सड़क, टंकी, सब."

"जी सर," बहनजी म्हणाल्या. वरच्या बहनजीही "जी सर" म्हणाल्या.

आता साहेब जाणार, जीप जाणार, आणि चार दिवसांनी गोंदियाची गाडी. बहनजी काही बोलणार नव्हत्या. मला कुणी पाहत नव्हतं. मध्ये भिंत होती, माझ्या डोक्यापेक्षा उंच. दूधवाल्याशी बोलायची तशीच मी बोलले.

"साहब, बैठके देखो."

"कौन बोला?"

"ऊपरवाली बहनजी!" सगळा वर्ग ओरडला.

मग पोरांची बसायची टाटपट्टी सरकल्याचा आवाज आला आणि गुडघा वाजल्याचा. साहेब खाली बसले होते.

"अब क्या दिखता?" मी विचारलं.

"आसमान." थोडं थांबून, "ज़्यादा नहीं."

"सर, कभी कभी कौआ भी दिखता है," एक मुलगा म्हणाला, शाळेची बाजू राखून.

साहेब हसले. मोकळेपणानं हसले, तो आवाज मला आवडला. "मैंने जान-बूझकर ऊँची रखवाई थी," ते छताला सांगू लागले, "कि बच्चों का मन बाहर न जाए."

"मन तो जाताच है साहब. फिर पीछे पीछे पोट्टी भी जाती."

एवढं बोलून माझी ताकद संपली. मान वळवली तर जीपचा ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून माझ्याचकडे बघत होता. मी चप्पल हातात घेतली आणि घरापर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

दसरा आला. सोनं वाटलं. मी ह्यांच्या पाया पडले आणि डोळ्यांनी पेटीकडे बघितलं. हे म्हणाले, "दिवाळीलोक राहू दे. शाळेची भिंत फोडनार म्हणते. पाहू काय करतात ते."

सुट्टीत मिस्त्री लावून खिडकीखालची भिंत चांगली हातभर फोडली. त्याच विटांचा आतून भिंतीशी लांब ओटा बांधला, पोरांना बसण्याइतका बुटका. साहेब त्या दिवशी बसल्या बसल्या खुंट्याही बघून गेले असावेत, कारण त्याही खाली आल्या. नळ मात्र होता तिथंच राहिला. तो दुसऱ्या खात्याकडे होता.

दिवाळीनंतर शाळा उघडली, त्या दुपारी भोंगा झाल्यावर मी गुपचूप गेले. खिडकीजवळ पोचले आणि माझ्या लक्षात आलं की आता तिच्यातून सगळं दिसतं, म्हणजे मीही दिसते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. बहनजी उठून आल्या. "आइए, आइए! उस दिन आप ही थीं ना?" मी पदर आणखी पुढं ओढला. त्या खिडकीशी पुन्हा कधी मला एक शब्द बोलता आला नाही. पोरगी ओट्यावर गुडघे टेकून रस्त्याकडे बघत होती. मला पाहून तिनं हातानं खूण केली, जा, मध्ये येऊ नको, बाबा दिसत नाही. मग सायकली आल्या, तिचे खांदे खाली आले, आणि ती वळून बसली.

ती पळाली नाही. पेटीत तिनं पाट्या ठेवल्या, मग पुस्तकं, आणि पाचवीची पुस्तकंही त्याच पेटीत गेली. पण ते पुढचं.

त्या वर्षीच्या थंडीत एक दिवस हे घुश्शात घरी आले. सायकल भिंतीला आपटली.

"काय झालं जी?"

"काही नाही."

पाणी दिलं, प्यायले नाहीत. शेवटी म्हणाले, "दोनदा घंटी वाजवली मी. पोट्टीनं पाह्यलंच नाही. पाटीत तोंड घालून बसली होती."

"मंग?" मी म्हटलं. "धरता का गोंदियाची गाडी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीला जायच्या आधी, ते माझ्या जुन्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात अंधारात काहीतरी शोधत होते. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. त्याच लाल लुगड्याचा दुसरा तुकडा मी वरच ठेवला होता.